पोर चढतंय, चढू द्यावं का? पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शनिवार-रविवारी मी लहान मुलांना कृत्रिम भिंतीवर चढायला शिकवते. पोरं वर असतात आणि आईबाबा खाली बाकावर. माझ्या हातात दोर असतो, तरी बाकावरून प्रश्न सुरूच असतात. दोर हातात असताना मी कुणाला उत्तर देत नाही, म्हणून हे पान लिहिलं आहे.

आमचं बाळ दीड वर्षाचं आहे. सोफा, खिडकी, स्वयंपाकाचा ओटा, काही सोडत नाही. काही बिघडलंय का?

बिघडलेलं काही नाही. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या तळहातात बोट ठेवलं की ते मूठ घट्ट आवळतं. ही उपजत पकड पाच-सहा महिन्यांत विरते आणि तिच्या जागी आपल्या मर्जीने धरणं-सोडणं येतं. पुढे रांगणं, धरून उभं राहणं, आणि चालण्याच्या आगेमागेच चढणं. नीट चालता येण्याआधी जिना चढणारी बाळं कितीतरी असतात. उतरायची अक्कल मात्र उशिरा येते, आणि सगळी पडापडी तिथेच होते. तेव्हा चढण्यावर ओरडण्यापेक्षा उतरायला शिकवा: पोटावर वळ, पाय आधी खाली सोड, जमीन लागली की हात सोड. सोफ्यावर हे चार दिवस करून घेतलंत की पलंगावरून ते आपलं आपण उतरतं.

घर मात्र आवरा. कपाट, टीव्ही, पुस्तकांची मांडणी भिंतीला स्क्रूने पक्की करा. खणांची पायरी करून चढलेल्या मुलाच्या अंगावर अख्खं कपाट येऊ शकतं. खिडकीला ग्रिल हवं आणि ग्रिलपाशी खुर्ची, स्टूल, कॉट नको. बाल्कनीतली मोठी कुंडी हीसुद्धा एक पायरीच असते.

चढण्याने हात बळकट होतात हे समजलं. त्यापलीकडे काय?

हात हा यातला छोटा भाग आहे. शहरातल्या मुलाचा दिवस आठवून बघा. बसणं असतं, थोडं चालणं, पळणं, कधी सायकल. स्वतःचं वजन वर ओढून घ्यावं लागेल असं त्यात काहीच नसतं. आजीच्या काळी विहिरीचं पाणी शेंदायचं असायचं, माळ्यावर चढायचं असायचं, परड्यातलं झाड तर होतंच. चढताना खांद्याच्या पात्याभोवतीचे स्नायू, पाठ, पोट आणि पंजा हे सगळे एकाच वेळी कामाला लागतात. उजवा हात वर जातो तेव्हा बहुधा डावा पाय रेटत असतो. डाव्या बाजूची खाच धरायला उजवा हात छातीवरून पलीकडे न्यावा लागतो. शरीराच्या दोन्ही बाजूंचा असा मेळ मैदानी खेळांत क्वचितच इतक्या संथपणे, विचार करत साधावा लागतो.

दुसरी गोष्ट म्हणजे अंगभान. डोळ्यांनी न बघता आपला पाय कुठे आहे, गुडघा किती वाकलाय हे कळणं. नवख्या मुलाचा बूट भिंतीवर धपकन आपटतो, घसरतो, पुन्हा आपटतो. आम्ही त्यांना 'मांजरीचे पाय' नावाचा खेळ देतो: आवाज झाला की एक पायरी खाली. काही महिन्यांनी माझी पाठ भिंतीकडे असली तरी नुसत्या आवाजावरून सांगता येतं की वर कोण आहे, जुनं की नवं.

नवखी मुलं सगळी हाताने ओढतात आणि दहा मिनिटांत गळून जातात. पायावर उभं राहायचं, हाताने फक्त तोल धरायचा, हे उमगायला वेळ लागतो. ते उमगलं की त्याच मुलाचं बसणं, उभं राहणं, दप्तर उचलणंसुद्धा बदलतं.

हाडांचंही आहे. वाढत्या वयात हाडांवर भार पडला तर ती घट्ट होतात. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल, आणि त्यातले आठवड्यातले निदान ३ दिवस स्नायू-हाडं बळकट करणारे व्यायाम सांगते. हे ३ दिवस भरायला चढण्यासारखं दुसरं काही नाही, कारण त्याला मुलं व्यायाम म्हणतच नाहीत.

अक्षर सुधारेल का?

हा प्रश्न दर जूनमध्ये येतो. पंजा आणि खांदा लवकर थकत नसेल तर लिहायला सोपं जातं, इतकं खरं. पण अक्षर लिहून सुधारतं. चढल्याने परीक्षेत मार्क वाढतात असं कुणी सांगत असेल तर तो क्लास विकतोय.

मग डोक्याला काय मिळतं?

इथे एक गोष्ट सांगते, मला फार आवडते. बागेत लोखंडी नळ्यांचा जो चौकटी-चौकटींचा सांगाडा असतो, जंगल जिम म्हणतात तो, त्याचं पेटंट अमेरिकेत सबॅस्टियन हिंटन नावाच्या वकिलाने १९२० साली मागितलं आणि १९२३ मध्ये त्याला ते मिळालं. कल्पना त्याच्या वडिलांची होती. वडील, चार्ल्स हिंटन, गणिती. मिती हा त्यांच्या डोक्यातला किडा. जपानमध्ये राहत असताना त्यांनी मुलांसाठी बांबूंची त्रिमिती जाळी बांधली होती. उभी, आडवी, खोल, प्रत्येक दिशेला आकडे. वडील तीन आकडे पुकारायचे आणि मुलांनी चढत-घुसत त्या सांध्यावर पोचायचं. म्हणजे नववीच्या आलेखात X आणि Y शिकतो तेच, वर एक अक्ष जास्त, आणि पेन्सिलीऐवजी आख्खं अंग.

भिंतीवर हेच घडतं. खालून बघताना मूल मनात रस्ता आखतं: उजवा हात त्या लाल ग्रिपला, म्हणजे पकडायच्या खुंटीला, मग डावा पाय वर, मग... आणि वर गेल्यावर कळतं की उजव्या हाताने सुरुवात केली तर चौथ्या टप्प्याला हात अडकतात. खाली येऊन उलटा विचार करायचा. आखणं, लक्षात ठेवणं, फसल्यावर बदलणं या तिन्ही गोष्टी एका मिनिटात होतात, आणि चूक दाखवायला बाई लागत नाहीत, भिंतच दाखवते. कमी उंचीच्या, दोराशिवायच्या चढाईला बोल्डरिंग म्हणतात. त्यातल्या प्रत्येक वाटेला जगभर 'प्रॉब्लेम' म्हणतात ते उगीच नाही. वीसदा पडून एकविसाव्यांदा जमणं हा तिथला रिवाज आहे, त्यामुळे पडल्याची लाज मुलांना वाटेनाशी होते. मोठ्यांना वाटत राहते, ते वेगळं.

मन शांत होण्याबद्दल: जर्मनीत एर्लांगेनच्या संशोधकांनी नैराश्य असलेल्या प्रौढांना उपचाराचा भाग म्हणून बोल्डरिंग दिलं आणि त्यांची लक्षणं कमी झालेली दिसली. ते प्रौढांवरचं काम आहे, मुलांवर जसंच्या तसं लावू नका. पण वर असताना पुढच्या पकडीशिवाय दुसरं काही सुचत नाही, हा अनुभव सात वर्षांच्या पोराचाही असतो.

मुलगी मल्लखांबाला जाते. भिंत वेगळं काय देणार?

जात असेल तर जाऊ द्या, सोडवून इकडे आणू नका. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभट्ट दादा देवधरांनी ज्या विद्येला पुन्हा उभं केलं ती आजही शरीर घडवण्यात कुणाला हार जात नाही. २०१९ मध्ये तिची पहिली जागतिक स्पर्धा मुंबईतच झाली. पुरलेल्या खांबावरची अढी, म्हणजे पायांची पकड, असो की दोरीच्या मल्लखांबावर अंगठा आणि शेजारच्या बोटात दोरी धरणं असो, पायांची आणि त्यांच्या बोटांची अशी पकड भिंतीवरच्या मुलांना बुटामुळे कधीच येत नाही.

फरक असा की मल्लखांबात खांब तोच असतो आणि उडी, पकड, सफाई घोटून-घोटून पक्की करायची असते. भिंतीवर वाट दर वेळी नवी, आणि कसं जायचं ते कुणी सांगितलेलं नसतं. एकीकडे घोटणं आहे, दुसरीकडे शोधणं. माझ्याकडे मल्लखांब सोडून आलेली मुलं पहिल्या दिवशी सर्वांत ताकदवान असतात आणि पहिल्या दिवशी सर्वांत जास्त विचारतात, "ताई, आता कुठे?" महिन्याभरात विचारणं थांबतं.

मुलगा अर्ध्यावर गेला की रडायला लागतो. थोडं ढकललं तर भीती मोडेल ना?

भीती मोडत नाही, विश्वास मोडतो.

आमच्याकडे एकच नियम कधीही वाकत नाही. मूल म्हणालं "खाली", की खाली. लगेच. "अजून एकच पकड, शाब्बास, एकच" हे नाही. मुलाला एकदा खात्री पटली की आपला शब्द दोर धरणाऱ्यापर्यंत पोचतो, की ते आपणहून पुढची पकड धरायला जातं. उलट केलंत तर पुढच्या शनिवारी त्याचं पोट दुखतं.

मला एक मुलगी आठवते. पहिले चार रविवार ती जमिनीपासून जेमतेम हातभर वर गेली. बाबा बाकावर चुळबुळत होते, पैसे भरलेले. पाचव्या रविवारी तिने मला विचारलं, "वर गेल्यावर मी दोरावर लटकले तर काय होतं?" आम्ही हातभर उंचीवरच लटकून बघितलं, मग कमरेएवढ्या, मग डोक्याएवढ्या. त्या दिवशी ती अर्धी भिंत चढली. तिला चढण्याची भीती नव्हतीच, दोर धरतो की नाही हे तिला माहीत नव्हतं. आपण मात्र 'घाबरट' म्हणून मोकळे होतो.

नॉर्वेच्या संशोधक एलेन सँडसेटर यांनी मुलांच्या धाडसी खेळांचे प्रकार मांडले, त्यात उंची आहे, वेग आहे, मस्तीची झोंबाझोंबीही आहे. त्यांचं म्हणणं असं की आपल्याला पेलेल इतकी भीती स्वतः घेऊन, चाखून, मुलं भीतीशी ओळख करून घेतात. 'स्वतः घेऊन' हे त्यातलं महत्त्वाचं. म्हणूनच मुलाला उचलून फांदीवर बसवू नका. जिथे ते आपल्या हातापायांनी पोचलं नाही, तिथून त्याला उतरताही येत नाही.

खालून ओरडायचंच असेल तर "सांभाळ! पडशील!" सोडून काहीही ओरडा. त्यातून त्याला काही कळत नाही, फक्त तुमचा घाबरलेला आवाज कळतो. "डावा पाय कुठे आहे?" असं विचारा. आणि शेजारच्या मुलीकडे बोट दाखवून "ती बघ कशी गेली" हे तर अजिबात नको.

पडला तर?

दोरावर असेल तर लटकतो, बस. चढण्याआधी गाठ, हार्नेसचे म्हणजे कंबर-मांड्यांना बांधलेले पट्टे आणि दोर धरणाऱ्याचं साधन दोघांनी एकमेकांचं तपासायचं, प्रत्येक वेळी, शंभराव्यांदा चढत असलात तरी. हलगर्जी नवखे करत नाहीत, सरावलेले करतात.

बोल्डरिंगमध्ये दोर नसतो, खाली जाड गाद्या असतात. तिथे लागतं ते घोट्याला, मनगटाला, कोपराला. पडताना हात मागे टेकवणं हे लहान मुलांचं कोपर मोडायचं मोठं कारण आहे. म्हणून पहिला धडा पडण्याचा असतो: दोन्ही पायांवर, गुडघे सैल, मग पाठीवर लोळण, हात छातीशी. शक्यतो उडी मारायचीच नाही, उतरून यायचं. गादीवर दुसरं मूल बसलेलं नको.

बाहेरच्या कातळावर हेल्मेट हवंच. पण झाडावर किंवा बागेतल्या जंगल जिमवर सायकलचं हेल्मेट घालून पाठवू नका. अंग फटीतून जातं, हेल्मेट अडकतं आणि पट्ट्याचा फास बसतो. ओढणी, गळ्यातली दोरी, ओळखपत्राची फीतही काढून ठेवा.

कितव्या वर्षी सुरू करावं?

खेळ म्हणून केव्हाही. दोर बांधून चढण्यासाठी सूचना ऐकून पाळता यायला हव्यात. बहुतेक मुलांत ते पाच-सहाच्या सुमाराला येतं. त्याहून लहानांना कंबरच नसते, म्हणजे हार्नेस अडकून राहील असं कमरेचं हाड-नितंब भरलेलं नसतं आणि डोकं जड असतं. ती उलटी होऊन पट्ट्यातून निसटू शकतात. त्यांना छाती-खांद्यांवरून येणारं पूर्ण अंगाचं हार्नेस लागतं. तुमच्या क्लासमध्ये ते नसेल तर थांबा.

लटकल्याने उंची वाढते म्हणतात. आणि सासूबाई म्हणतात उलट खुंटते. कोण बरोबर?

दोघंही नाही. उंची आईवडिलांकडून येते, खाण्या-झोपेवर आणि संप्रेरकांवर वाढते. बारला लटकून कुणाची कायमची उंची वाढलेली नाही.

पण बोटांची काळजी खरी आहे आणि ती कुणी विचारत नाही. मुलांच्या हाडांच्या टोकाशी वाढीची पट्टी असते, कूर्चेची, नरम. वयात येताना, साधारण १२ ते १६ दरम्यान, उंची भराभर वाढते आणि ताकदही. पण ती पट्टी आजूबाजूच्या अस्थिबंधांपेक्षा कमकुवत असते. मोठ्या माणसाचा जिथे अस्थिबंध दुखावेल तिथे मुलाचं हाड चिरतं, बहुधा मधल्या बोटाच्या मधल्या सांध्यापाशी. नखाएवढ्या कडेवर बोटं मुडपून लटकणं, बोटांनी लटकायच्या फळीवर वजन लावून व्यायाम करणं, पाय सोडून नुसत्या हातांनी पट्ट्यापट्ट्यांवर उड्या मारणं हे या वयात नको. सांध्याच्या वरच्या बाजूला सूज किंवा दाबल्यावर दुखणं असेल तर चढणं बंद करून हाडांच्या डॉक्टरांकडे जा. पहिल्या एक्स-रेत कधी काही दिसत नाही, तरी दुखणं खरं असतं. महिना-दोन महिने थांबलं की बहुतेकांचं भरून येतं. दुखत असताना चढत राहिलेल्यांचं बोट वाकडं राहू शकतं.

मुलाचं वजन जास्त आहे. हसतील का त्याला?

आमच्याकडे हसत नाहीत, कारण हसणारं मूल बाकावर बसतं. सुरुवातीला आडव्या वाटा द्या, उंची नको. पायाची ताकद अशा मुलांची चांगली असते.

उलटी बाजू जास्त गंभीर आहे. या खेळात हलकं असणं फायद्याचं, म्हणून स्पर्धेतली किशोरवयीन मुलं-मुली जेवण कमी करतात. मुलीची पाळी थांबली, मूल सतत थकलेलं, वारंवार दुखापती, तर तो कमी खाण्याचा परिणाम असू शकतो. कुठल्याही प्रशिक्षकाने मुलाला वजन कमी करायला सांगितलं तर क्लास बदला.

मुलीचे हात राठ होतील.

होतील. खोबरेल तेल लावा.

मूल अजिबात एका जागी बसत नाही, डॉक्टरांनी अतिचंचल म्हटलंय. उपयोग होईल?

अशी बरीच मुलं भिंतीवर रमतात. काम छोटं, ठळक आणि लगेच निकाल देणारं असतं, आणि भिंतीचा स्पर्श-भार अंगाला जाणवत राहतो. स्वमग्न मुलांपैकीही काहींना ते भावतं, काहींना गोंगाट आणि हाताला लावायच्या खडूची पूड सहन होत नाही. हा उपचाराला पर्याय नाही. आधी सांगा, कमी गर्दीच्या वेळी या, आणि रांगेत उभं राहायला लावू नका, कारण वर चढणं त्याला जमतं, उभं राहणंच जमत नाही.

आमच्या गावात कसली भिंत आणि कसलं काय!

झाड आहे ना? सूरपारंब्या खेळणाऱ्या पिढीला क्लास लावावा लागला नाही. रिंगणातली काठी कुणीतरी पायाखालून लांब भिरकावायची, राज्य असलेल्याने ती आणेपर्यंत बाकीचे वडावर गायब. मग त्याने वर चढून शिवायचं आणि बाकीच्यांनी पारंबीला धरून खाली घसरत काठी गाठायची. दोरीचा मल्लखांब, बोल्डरिंग आणि धावणं, सगळं एकात.

झाडाची जात मात्र बघा. वड, चिंच, जुना आंबा भरवशाचे. शेवग्यावर कधीही नको, ती फांदी काडीसारखी मोडते. जांभळाच्या फांदीवरही विश्वास टाकू नका, जांभळं कितीही पिकलेली असोत. वाळकी फांदी, मोहोळ, आंब्यावरचे हुमले, म्हणजे तांबड्या चावऱ्या मुंग्या, आधी बघायचे. पावसाळ्यात शेवाळलेल्या खोडापासून लांब. तीन टेकू हा नियम पाठ करून घ्या: दोन हात, दोन पाय यांतला एकाच वेळी एकच सोडायचा. आणि मनगटाहून बारीक फांदीवर पाय द्यायचा नाही.

गडावर नेलं तर चालेल?

वाटेवरून चालायला जरूर न्या, कातळटप्पे दोरासकट जाणत्या संस्थेबरोबरच. सह्याद्रीचा कातळ टणक असला तरी माथ्याजवळ सुटे दगड आणि गवताळ घसारा असतो. चढलेलं मूल तिथून उतरू शकत नाही. रायगडाच्या हिरकणीची आख्यायिका आपण चढण्याची नाही, उतरण्याची म्हणून सांगतो, ते लक्षात घ्या.

दहीहंडीच्या थरात?

१४ वर्षांखालील मुलांना कायद्याने बंदी आहे. माझं मतही तेच. तिथे मूल कधी उतरायचं ते स्वतः ठरवत नाही, खालचा थर ठरवतो.

पुढे ऑलिंपिकपर्यंत जाता येईल का?

टोकियोच्या, म्हणजे २०२१ मध्ये झालेल्या ऑलिंपिकपासून हा खेळ तिथे आहे. २०२४ ला पॅरिसमध्ये इंडोनेशियाच्या वेड्रिक लिओनार्दोने १५ मीटरची भिंत पाच सेकंदांच्या आत चढून सुवर्ण घेतलं. आपल्याकडे नवी मुंबईत २०१६ आणि २०१७ मध्ये बोल्डरिंगचा विश्वचषक टप्पा झाला होता, तेव्हा बाहेरची बडी मंडळी मुंबईकरांनी जवळून पाहिली. पण आठ वर्षांच्या मुलाबद्दल हा प्रश्न मला विचारू नका. बारा-तेरापर्यंत पोहू दे, कबड्डी खेळू दे, मग बघू.

क्लास बघायला जाऊ तेव्हा काय बघू?

अर्धा तास गुपचूप उभे राहा. दोर धरणाऱ्याची नजर वर आहे की फोनमध्ये? एका प्रशिक्षकामागे किती मुलं? "खाली" म्हटल्यावर मूल किती वेळात खाली येतं? बूट, हार्नेस केव्हा घेतले, कोण तपासतं हे विचारल्यावर माणूस चिडतो का? एका ठिकाणी मी स्वतः शिकायला गेले होते, तिथे शिवण उसवलेला पट्टा चिकटपट्टी लावून वापरत होते. त्याच दिवशी परत आले.

पहिल्या दिवशी काय आणायचं?

सैल कपडे, गुडघा झाकणारे. बूट आमच्याकडे मिळतात. तुमचे घ्यायचे झाले तर घट्ट घेऊ नका, वाढत्या पायाला बोटं मुडपणारा बूट नको. पाण्याची बाटली, एक केळं. नखं कापून आणा, हातांची आणि पायांचीही. अंगठ्या, कडं घरी ठेवा. केस बांधलेले हवेत. आणि आईबाबांनी एक पुस्तक आणावं, वाचायला.